काकाची तपकीर

तुर्भ्याच्या प्लेटिंग कारखान्यात मला माझ्या सख्ख्या काकाने चिकटवलं. तो तिथे सुपरवायझर होता. नव्वदीतली गोष्ट. आमची शेतं कधीच औद्योगिक वसाहतीत गेली होती, त्यामुळे आमच्या तळवली गावात सगळे म्हणाले, पुतण्याचं भलं केलं.

नळाच्या तोट्या क्रोमच्या टाकीत बुडवायच्या आणि चकचकीत करून काढायच्या, हे माझं काम. टाकीतून पिवळी वाफ उठायची. दोन-तीन महिन्यांत नाकातून रक्त यायला लागलं. "उष्नता हाय ती," काका म्हणाला, "कांदा हुंग." मी मुकाट्याने हुंगत राहिलो. पुढे कांद्याचा वासच येईना, तेव्हा दर्प तरी टळला म्हणून खूशही झालो. असा मी शहाणा!

काका मात्र रोज पाळीआधी लॉकरकडे तोंड करायचा, खिशातून छोटी डबी काढायचा आणि नाकात बोट फिरवायचा. मला वाटलं, तपकीर. मोठ्या माणसाच्या व्यसनाकडे बघू नये, ही आमच्या घरची शिकवण. मी मान वळवायचो.

शेवटी वाशीच्या डॉक्टरांनी नाकात बॅटरी मारून पाहिलं. "मधल्या पडद्याला आरपार भोक पडलंय. आपोआप नाही भरून यायचं. क्रोमची वाफ ही. मास्क नाही, निदान नाकाला आतून मलम लावा, एवढंही कुणी सांगितलं नाही?"

मलम म्हटल्यावर ती डबी डोळ्यांसमोर आली. ती तपकीर नव्हतीच.

तसाच काकाच्या अंगणात गेलो. "तुला ठाव होता?"

"सायबांनी बजावलेला, कोनाला बोलू नको," तो खाली बघत म्हणाला. "सगल्यांना सांगला असता तं टाकीवर कोन उभा राहिला असता?"

"मी सगल्यांतला काय, काका?"

त्यावर त्याने काकीला चहा टाकायला सांगितला. मी न पिता निघालो.

दुसऱ्या दिवशी पाळीआधी टाकीवरच्या पाचही जणांना मी सगळं सांगितलं, नाकातलं भोक दाखवलं. दुपारी मला कामावरून काढलं. कागदावर सही काकाचीच होती.

गेटबाहेर पडण्याआधी एकदा मागे वळून पाहिलं. सगळं ऐकूनही पाचही जण टाकीवर उभे होते. काकाला लपवायची गरजच नव्हती.