मागच्या खोलीतला खिळा

आमच्या घरामागे रिकामी जागा होती. तिथे मी अळू आणि कढीपत्ता लावत असे. ह्यांना कंपनीतून निवृत्ती मिळाली आणि त्या जागेत त्यांनी एक खोली बांधली. आत छोटा ओटा, संडास-बाथरूम, वर पक्का स्लॅब. अळू गेला, कढीपत्ता कुंडीत गेला. खोली मात्र खरंच छान झाली. इतकी छान झाली की तिच्यात कोणी राहू नये असं ह्यांना वाटू लागलं.

पंख्याला पिशवी बांधलेली. पलंगावरची गादी दुकानातून आली त्याच प्लॅस्टिकमध्ये. बटणांच्या बोर्डावरचा पातळ कागद मी एकदा सोलायला घेतला, तर हे दारातून म्हणाले, "सोल, सोल. सगळंच सोल. रंगही खरवड म्हणजे हौस फिटेल." ह्यांना पुण्यात येऊन बराच काळ झाला. इथली बोली त्यांनी टोमण्यांसकट उचलली. मला अजून गावचीच बोली सुचते, म्हणून मी शक्यतो गप्प राहते.

खोलीचे नियम होते. चपला बाहेर. ओट्यावर चहापर्यंत ठीक, फोडणी नाही, भिंती पिवळ्या पडतात. बाथरूम वापरायचं नाही, फरशीवर डाग पडतात. आणि भिंतीला खिळा तर मुळीच नाही. "एक खिळा म्हणजे एक भोक. भोकातून ओल," असं हे समजावत. कॅलेंडरसुद्धा खुर्चीवर ठेवलेलं होतं.

पाहुणे आले की हे त्यांना आधी खोली दाखवायला नेत. पाहुणे चपला काढून आत जात, पंख्याची पिशवी बघत, वा वा म्हणत. मग आम्ही खोलीला कुलूप लावून हॉलमध्ये त्यांच्या गाद्या घालत असू. माझ्या चुलत दिरांनी एकदा विचारलं, "दादा, ही खोली बांधलीत कोणासाठी?"

"पाहुण्यांसाठी," हे म्हणाले.

दीर हॉलमधल्या गादीवर बसले होते.

माझी आई तेव्हा गावी एकटी होती. आमचं गाव विदर्भात, पुण्याहून जायचं तर रात्रभराचा प्रवास. बाबा गेल्यावर ती त्याच कौलारू घरात राहिली. गुडघे दुखायचे, एकदा न्हाणीत घसरून पडली, हे मला शेजारणीच्या फोनवरून कळलं. आईला विचारलं तर म्हणाली, "पडली नाई गं, बसली." पाहुणे यायच्या आधी मागच्या खोलीत झाडू मारताना मला दर वेळी वाटे, आई इथे मावली असती. उंबरा नाही, संडास दोन पावलांवर.

पण दोन अडचणी होत्या. ह्यांना विचारायचं धाडस मला नव्हतं, ही एक. दुसरी आईच. आमच्याकडे आईबाप लेकीच्या घरी राहत नाहीत. आई भेटायला यायची तीसुद्धा स्वतःची तुरीची डाळ पिशवीत घेऊन. आल्या आल्या म्हणायची, "माह्यी डाळ शिजव, बाई." जेवण झालं की ताट स्वतः घासायची आणि तिसऱ्या दिवशी दारात पिशवी घेऊन उभी. "लेकीच्या घरी राहातेत काय कोणी? लोक काय म्हनतीन?"

इथले लोक तर पुण्यातले होते. त्यांना आईचं नावही ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी पाऊस लांबला आणि खोली पावसाळाभर बंदच राहिली. नवरात्राच्या आधी घर आवरायचं म्हणून आम्ही मागची खोली उघडायला गेलो, तर दार उघडेना. फुगलं होतं. ह्यांनी खांदा लावला तेव्हा ते उघडलं आणि आधी वास बाहेर आला. बाथरूम कधी वापरलंच नव्हतं, त्यामुळे जाळीखालचं पाणी आटून गटाराचा वास सरळ खोलीत येत होता. त्याच वाटेने झुरळंही आली होती. कोपऱ्यात काळी बुरशी. कपाटाच्या पाठीला वाळवी. प्लॅस्टिकमधल्या नव्याकोऱ्या गादीवर हिरवे ठिपके. पंख्याची पिशवी तेवढी जशीच्या तशी होती.

हे गादीकडे बघत उभे राहिले. "कोणी वापरली होती का?" त्यांनी मला विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

"मग अशी कशी झाली?"

मग माणसं येऊ लागली. गच्चीला गळतीचं औषध लावणाऱ्याने सांगितलं, दोष रंगाचा. रंगवाल्याने सांगितलं, दोष गच्चीचा. वाळवीवाला म्हणाला, दोष लाकडाचा. प्रत्येकजण आपापली चूक सोडून बाकी सगळ्या चुका दाखवून गेला. आमचा मुलगा खराडीला ऑफिसात असतो, तिथेच फ्लॅटमध्ये राहतो. ह्यांनी त्याला फोन लावला. फोन स्पीकरवर होता.

"बाबा, व्हेंटिलेशन झिरो आहे तिथे. यूज करा ना रूम. सिंपल आहे."

"वापरली तर खराब होईल."

"आता काय झालीय?"

ह्यांनी फोन ठेवला. मग बराच वेळ अंगणात फेऱ्या मारल्या आणि शेवटी ठरवलं की खोली रोज उघडायची. सकाळी खिडक्या, दुपारी पंखा, बाथरूममध्ये दोन तांबे पाणी, संध्याकाळी बंद. हे सगळं कोणी करायचं तेही त्यांनी ठरवलं होतं. मी केलं. पण एक दिवस भाजी आणायला गेले आणि पाऊस आला, खिडक्या उघड्या राहिल्या. हे जेवताना म्हणाले, "तुझंही बरोबर आहे. तुला इकडचं घर, तिकडची खोली. खोलीला आपलं असं माणूस पाहिजे. सारखं आत असणारं."

इतकी सोपी वाट समोर आली होती की मला भीतीच वाटली.

"आई आहे," मी म्हणाले.

"कोणाची?"

"माझी."

"त्या राहतील इथे?"

"राहणार नाही. खोली राखेल."

ह्यांनी विचार केला. त्यांच्या मनात आई आणि ओल यांचा हिशेब चालला असावा. मग म्हणाले, "खिडक्या वेळेवर उघडतील ना?"

आईला फोन केला तेव्हा मी राहायला ये असं म्हणालेच नाही. म्हणाले, "मागची खोली खराब होऊन राहिली. राखायला माणूस मिळत नाही."

"म्हंजे मले कामाले बलावतेस?"

"हो."

आई म्हणाली, "मंग येतो. काम असलं तं काय."

आई डाळ घेऊन आली, पण तिसऱ्या दिवशी गेली नाही, कारण कामावर होती. दार, खिडक्या दिवसभर सताड उघड्या. बाथरूममध्ये एवढं पाणी ओतायची की झुरळांनी घर बदललं. ओट्यावर फोडणी पडली. हे अंगणात थांबून वास घेत, भिंतीकडे बघत, आणि थोड्या वेळाने वाटी घेऊन जात. गच्चीच्या कठड्याच्या फटीत पिंपळाचं रोप आलं होतं. त्याची मुळं भिंत फोडतात हे ह्यांना माहीत होतं, देवाधर्मावर विश्वास नाही असंही ते म्हणत, पण पिंपळ उपटायला मात्र दोन वर्षं कोणीतरी दुसरं येण्याची वाट बघत होते. आईने मला गच्चीवर पाठवलं, खालून हात जोडले आणि म्हणाली, "उपट माय. खाली डब्यात लावून देऊ, त्याची जागा बदलली समज." डबा ह्यांनीच दिला.

ओल वाळली. वास गेला. पण आईचे कपडे पिशवीतच होते. रोज लुगडं पिशवीतून काढायची, वाळलेलं घडी करून पिशवीतच ठेवायची. पिशवी दाराजवळ. मी कपाट दाखवलं तर म्हणाली, "मी काई राहाले नाई आली." त्या पिशवीकडे बघितलं की मला रात्री नीट झोप लागत नसे. खोली आता चांगली झाली होती. काम संपलं असं आईच्या मनात आलं तर?

थंडीच्या सुरुवातीला ती गावी गेली. घर बघून येतो म्हणाली. ह्यांनी दोन दिवस स्वतः खिडक्या उघडल्या. तिसऱ्या दिवशी मला विचारलं, "येणार आहेत ना त्या? की राजीनामा दिला?"

ती आली. रिक्षातून उतरली तेव्हा पिशवीबरोबर जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी होतं. मी चहा टाकायला आत गेले आणि मागून ठोकण्याचा आवाज आला. हे पेपर टाकून धावले, मी त्यांच्या मागे. आई स्टुलावर चढण्याच्या नादाला लागली नव्हती, हात पुरेल तिथेच तिने वरवंट्याने खिळा ठोकला होता आणि त्यावर बाबांचा फोटो लावला होता. गावच्या घरात तो देवाशेजारी असायचा. खाली फरशीवर गिलाव्याचा तुकडा पडला होता. पिशवी रिकामी होऊन घडी झालेली दिसत होती.

हे भिंतीकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

"तिरका आहे," हे म्हणाले.

"कोन?" आईने विचारलं.

"फोटो. आणि खिळा असा नसतो ठोकायचा, आई. हलतोय तो. आठ दिवसांत बाबा खाली येतील." ते घरात गेले आणि ड्रिल मशीन घेऊन आले. ते मशीनसुद्धा अजून खोक्यातच होतं. त्यांनी फोटो उतरवून माझ्या हातात दिला, भिंतीवर पेन्सिलीने खूण केली आणि आईला विचारलं, "एवढ्या उंचीवर चालेल?"

"अजून थोडं वर," आई म्हणाली. "मले पलंगावरून दिसला पाह्यजे."