आईनं उकळलेला समुद्र

वेंगुर्ल्याच्या एसटी स्टँडवर आईनं मला निरोप दिला तो अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात. “अगो, दर्या हय आसा, नि तू दर्याचो अभ्यास करूक बेंगळुराक जातंस? थय पाणी टँकरान येता!” कंडक्टरसुद्धा हसला. मी मात्र महाराणीसारखी खिडकीत बसले.

मंडळी, तिथे राहिलेले आणि माझ्यासारखे निघालेले, सगळ्यांनी ऐका. टँकरचं खरं होतं. बेंगळुरूत सर्जापूर रोडच्या आमच्या सोसायटीत तो आजही येतो. पण समुद्रही येतो, बर्फाच्या पेटीत, बसनं. आधी धाकटा भाऊ होडीतून पाणी काढून पाठवायचा, आणि मी त्यातले विषाणू बघते. हे विषाणू सूक्ष्म शेवाळ फोडतात, त्यातलं अन्न पाण्यात मोकळं होतं, त्यावर बाकीचे जगतात.

गेल्या वर्षी समुद्राला हिरवा रंग चढला आणि लगेच उतरू लागला. शेवाळ मरत होतं. मारेकरी कोण, हे कळायला ते संपायच्या आत पाणी हवं होतं. पेटी आली. पाणी काचेसारखं! सूक्ष्मदर्शकाखाली शुकशुकाट. घरी फोन केला.

आई म्हणाली, “असला घाण पाणी परगावाक कसा धाडूचा? फडक्यान गाळलंय, नि बरा उकळलंय!”

“आई, माझे सगळे पाहुणे मारलेस गो!”

तिनं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी, इतकी वर्षं बोलावूनही न आलेली आई ताजं पाणी मांडीवर घेऊन रिक्षातून उतरली. रिक्षावाला “स्वल्प जास्ती कोडी, अक्का” म्हणत कन्नडमध्ये थोडे जास्त पैसे मागत होता, ती मालवणीत झापत होती, आणि दोघांचं छान जमलं होतं.

लॅबमध्ये तिला दाखवलं. फुटलेल्या शेवाळाभोवती, रंग दिल्यावर चमकणारे विषाणूंचे हिरवे ठिपके, रांगोळी सांडल्यासारखे.

“हेंनी मारल्यानी?”

“तसंच दिसतंय.”

“नि मेलेला जाता खय?”

“बाकीचे खातात.”

आईची कळी खुलली. “मगे बरोबर. माशाचा डोका आमी तरी टाकतंव काय?”

चार दिवसांत ती परत गेली. पाणी आता तीच काढते, भावाला पेटीला हात लावू देत नाही. फोनवर मी “घरी सगळे कसे आहेत?” असं विचारलं की ती आधी पाण्याचा रंग सांगते, मग नातवंडांचं. मलाही हा क्रम बरोबर वाटतो.