आईच्या मानेवरच्या चामखिळी

वडील गेल्यावर नेहरू नगरचं घर भाड्याने देऊन आई माझ्याकडे पिपलानीच्या क्वार्टरमध्ये राहायला आली, त्याला आता सहा वर्षं झाली. तिच्या गोळ्या, तिचा चष्मा, तिचे दात, सगळं मीच बघते. धाकटी बहीण पुण्याला असते. वर्षातून एकदा, आठ दिवसांसाठी येते. ती आली की आईचा आवाजसुद्धा बदलतो. मला ते सहन होत नाही, आणि हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मी इथल्याच, या हिंदीभाषक शहरातल्या एका शाळेत शिकवते. गेल्या हिवाळ्यात धाकटी आलेली असताना एका दुपारी शाळेतून परतले, तर दोघी मायलेकी उन्हात खुर्च्या टाकून हसत बसल्या होत्या. आईच्या मानेवर तीन ठिकाणी छोट्या पांढऱ्या पट्ट्या. धाकटीने सांगितलं, की सकाळी आईला अयोध्या नगरला स्किनच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं आणि मानेवरच्या चामखिळी काढून आणल्या.

"दहा मिनिटांचं काम होतं, ताई," ती म्हणाली. "आईला कळलंसुद्धा नाही."

मी पर्स खांद्यावरून न काढताच उभी होते. रोज सकाळी मी आईची वेणी घालते. त्या तिन्ही चामखिळी मला पाठ होत्या. सगळ्यांत मोठी उजवीकडे, बारीक देठावर लोंबणारी, तुरीच्या डाळीएवढी. आणि त्या काढायच्या ठरल्या ते मला न विचारता.

धाकटी उत्साहाने सांगत राहिली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, की हे घाबरण्यासारखं काही नसतं, एकाचं दुसऱ्याला लागत नाही. कातडीला कातडी घासते, साखळी घासते, तिथे वाढतं. वय झालं, वजन वाढलं की जास्त. जागा सुन्न करून विजेच्या बारीक सुईने जाळून टाकलं. पण एकदा रक्तातली साखर तपासून घ्या, ती वाढली असली तरी अशा चामखिळी पुष्कळ येतात. आई मध्येमध्ये मान हलवत होती, जणू परीक्षेत पहिली आली होती.

मी विचारलं, जखम पिकली तर? धाकटीने शांतपणे मलमाची ट्यूब दाखवली. तिने सगळा विचार केला होता. त्याचाच मला जास्त राग आला.

धाकटी गेली. पट्ट्या निघाल्या, खपल्या पडल्या आणि आईची मान स्वच्छ झाली. शेजारच्या भाभी आल्या की आई साखळी बाजूला सरकवून दाखवायची, "छोटी ने करवा दिया." व्हिडिओ कॉलवर तर फोन मानेपाशी न्यायची. खपल्या पडेपर्यंत मलम मात्र दिवसातून दोन वेळा मी लावत होते. साखर तपासायला पण मीच नेलं आणि ती थोडी वाढलेली निघाली. आता चहातली साखर बंद करायचं काम माझ्या वाट्याला आलं. मानेचं कौतुक धाकटीचं, आणि फिक्या चहावरून बोलणी मला.

एका रविवारी वेणी घालताना मी शेवटी विचारलंच, की मी घरात असताना तिलाच का सांगितलंस.

आई म्हणाली, "तुलाच आधी सांगितलं होतं. तू दोरा बांधलास."

मी विसरले होते असं नाही. आठवायचं टाळलं होतं. दोन वर्षांपूर्वी ती म्हणाली होती, की स्वेटर घालताना ती मोठी चामखीळ अडकते आणि दुखते. भाभींनी सांगितलं, रेशमी दोरा घट्ट बांधा, आपोआप गळून पडेल. मी बांधला. दुसऱ्या दिवशी ती काळीनिळी होऊन सुजली, तिसऱ्या दिवशी रक्त आलं. मी दोरा कापला, हळद लावली आणि वर आईलाच म्हणाले, की या वयात कुणाला दाखवायची आहे मान? त्यानंतर तिने तो विषय माझ्याकडे काढला नव्हता.

मला रडू आलं नाही. लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर त्या लाजेतही धाकटीचा हेवा होताच. तिला कधी दोरा बांधायची वेळच येत नाही. मी आईला एवढंच म्हणाले, की पुढच्या वेळी मला सांग, मी नीट नेईन.

उन्हाळा लागल्यावर तिने खरंच सांगितलं. काखेत एक होती, ब्लाउजला घासत होती. मी अर्धी रजा टाकली आणि रिक्षाने तिला घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी आईला लगेच ओळखलं आणि हसून विचारलं, ती पुण्याची मुलगी नाही आली या वेळी?

आई माझ्याकडे बोट दाखवून हिंदीत म्हणाली, "ये बड़ी है. मैं इसी के पास रहती हूँ."

सुई लावताना तिने माझा हात धरला होता. घरी परतल्यावर मी ठरवलं, की ही बातमी धाकटीला मुद्दाम चार दिवसांनी, सहज म्हणून सांगायची. पाचव्या दिवशी फोन केला, तर धाकटी म्हणाली, "हो ताई, आईने त्याच संध्याकाळी सांगितलं मला."