आत्याच्या गाडीचं बॉनेट

ऑइल बघितल्याशिवाय आत्या गाडी चालू करायची नाही. वाळूजच्या कारखान्यात पोचायची घाई असो की लग्नाला उशीर झालेला असो, आधी बॉनेट उघडणार, ऑइलची पट्टी फडक्यानं पुसणार, पुन्हा बुडवून उजेडात धरणार. "आपण गाडीकडं बघितलं की ती आपल्याला रस्त्यात सोडत नाय," असं म्हणायची. काका लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. बाजार, दवाखाना, सोयगावचं माहेर, सगळीकडं ती एकटी गाडी चालवत जायची.

मग तिच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशनमध्ये डाव्या काखेतल्या गाठीही काढल्या आणि तो हात सुजू लागला. त्या हातानं वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. एका हातानं बॉनेट उचलून दुसऱ्यानं टेकूची दांडी लावणं तिला जमेना. शेजारच्या शकीलभाईंना हाक मारली की ते लगेच यायचे. तरी एकदा मला म्हणाली, "माणूस लई चांगला आहे रे. पण रोज हाक मारायची म्हणजे मी आजारी आहे हे रोज सांगायचं."

मी गॅसचे दोन शॉकअप मागवले. डिकीचं झाकण जरा उचललं की आपोआप वर जाऊन थांबतं, तसं बॉनेट थांबावं म्हणून. "गॅरेजात बसवून आणतो," म्हटलं. आत्या म्हणाली, "गाडी माझी आहे, मी बसवते. तू नुसता धरून उभा राहा."

मी बॉनेट धरलं. तिनं उजव्या हातानं बिजागरीजवळचे बोल्ट सैल केले, त्यांच्याखाली शॉकअपबरोबर आलेल्या पट्ट्या सरकवल्या, पुन्हा आवळले. शॉकअपचं टोक पट्टीवरच्या लोखंडी गोळीवर दाबून बसवायला जोर लागत होता. मी हात पुढं केला. "हात मागं घे," ती म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. शेवटी टक्‌ आवाज झाला. पण बॉनेट बंद होईना. एक पट्टी उलटी लागली होती. तिनं सगळं खोललं आणि परत बसवलं.

मग दोन बोटांनी बॉनेट जरासं उचललं. ते वर गेलं आणि थांबलं. तिनं बंद केलं, पुन्हा उघडलं. इंजिनाकडं तोंड करून ती बराच वेळ उभी राहिली. मी बोल्ट आवळायचे पाने गोळा करत राहिलो.

तो हिवाळा तिला बरा गेला. शकीलभाई सकाळी फाटकाशी येऊन बघायचे आणि बॉनेट वर उभं दिसलं की परत जायचे.

पुढच्या पावसाळ्यानंतर दुखणं उलटलं ते हाडांत. एका सकाळी तिनं चावी माझ्या हातात दिली. "सोयगावला ने. आज मी बाजूला बसते." सिल्लोडच्या पुढं कपाशी वेचणाऱ्या बायका दिसल्या, तेव्हा तिनं काच खाली करायला लावली. घरापाशी पोचलो तर तिला उतरवेना. माझे वडील चहा घेऊन गाडीपाशी आले. ती म्हणाली, "दादा, आता माझ्याच्यानं परत येणं होणार नाय." वडिलांनी चहाचा कप टपावर ठेवला आणि तिचा सुजलेला हात हातात घेतला. चहा तसाच गार झाला.

त्यानंतर आत्या घराबाहेर पडली ती चौघांच्या खांद्यावर. एका बाजूला मी होतो, माझ्या मागं शकीलभाई. ती किती हलकी झाली होती, हे मला तेव्हा कळलं.