मांडीवरचं पुस्तक

वकिलीच्या सनदेची परीक्षा पुस्तक उघडून द्यायची असते, आणि त्यातही मी नापास झाले. तेही एका प्रश्नानं! आमच्या मंठा गावात बातमी पसरली तसा भेटेल तो विचारायचा, "पुस्तक समोर असून?" मला लोकांचा इतका राग यायचा की किराणा आणायलासुद्धा मी नवऱ्यालाच पिटाळायची.

ज्या वकीलसाहेबांकडं मी काम शिकत होते, ते पुस्तक उघडल्याशिवाय एक कलम तोंडातून काढत नसत. त्यांना ते शोभायचं. मला नुसती सवय लागली. झोपेतून उठवून विचारली असती तरी दिली असती, अशी उत्तरंसुद्धा मी परीक्षेत पानं चाळून पडताळत बसले. घंटा झाली तेव्हा शेवटचे प्रश्न कोरेच होते.

आता माझ्या कच्च्या सनदेची मुदतही संपली होती. पास झाल्याशिवाय माझ्या नावानं वकीलपत्र लागणार नव्हतं. आणि तिकडं आत्याबाई हटून बसलेल्या. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. त्यांना माहेराकडून मिळालेल्या रानाचा बांध शेजारचा शेतकरी दर नांगरटीला कोरत होता. वकीलसाहेब दावा लावायला तयार होते, पण आत्याबाईंचं एकच, "माझी वकील माझ्या घरात हाय. ती पास होऊस्तर थांबते मी."

"आत्याबाई, तोवर तो सगळा बांध खाईल!"

"मंग जल्दी पास हो."

तयारी त्यांनीच हातात घेतली. सकाळची कामं उरकली की कायद्याचं मराठी पुस्तक मांडीवर घेऊन त्या ओसरीवर बसायच्या, चष्मा लावून सरावाचे प्रश्न एकेक वाचायच्या. माझा हात पुस्तकाकडं गेला की फटका. "आधी बोल, मंग पुस्तक."

"अहो, चुकले तर?"

"तर बघ ना उघडून. पुस्तक कुठं पळून चाललंय?"

मी बोलायची, त्या पान काढून बोट फिरवायच्या. "बराबर हाय. मंग हात कशाला पुढं करून राह्यलीस?"

त्यांनी कायदाच केला. येत असताना पुस्तक मागितलं तर संध्याकाळच्या भाकरी माझ्याकडं, दिवसभर मागितलं नाही तर त्यांच्याकडं. सुरुवातीला भाकरी थापून थापून माझे हात भरून आले, आणि बाईसाहेब खुशाल टीव्हीसमोर! मी चुलीपुढं धुसफुसत कलमं घोकायची. हळूहळू भाकरी त्यांच्याकडं जायला लागल्या. तेव्हा माझा रुबाब बघण्यासारखा असायचा.

परीक्षेला पुस्तकांची पिशवी नेली, पण खरंच अडले तेवढंच उघडलं. शेजारचा गडी घाम पुसत पानं उलटत होता आणि माझा पेपर वेळेआधी संपला. निकाल बघून मी अंगणात अशी ओरडले की शेजारीण लाटणं घेऊन धावत आली, तिला वाटलं साप निघाला. त्या दिवशी किराणा मी स्वतः आणला. पेढ्यांचा पुडा हातात घेऊन, भेटेल त्याला थांबवून.

मग बांधाचा दावा लागला. वकीलपत्रावर माझं नाव, खाली आत्याबाईंची सही. मनाईच्या अर्जावर मी बोलायला उभी राहिले आणि न्यायाधीशसाहेबांनी विचारलं, "कोणत्या तरतुदीखाली?" माझा हात आपसूक टेबलावर गेला. पुस्तक नव्हतं! मागं वळून पाहिलं, तर शेवटच्या बाकावर आत्याबाई. पुस्तक मांडीवर, त्यावर दोन्ही हात दाबून माझ्याकडं रोखून बघताहेत.

"ऑर्डर एकोणचाळीस, नियम एक आणि दोन, साहेब," मी म्हणाले. आवाज कोर्टभर घुमला. पुढचं सगळं मी न अडखळता बोलले.

दुपारी हुकूम झाला. दाव्याचा निकाल लागेपर्यंत शेजाऱ्यानं बांधाला हात लावायचा नाही. बाहेर येताच मी आत्याबाईंना धरलं. "पुस्तक कधी उचललंत तुम्ही?"

"तू चहा पीत होतीस तवा." त्यांनी डोळ्यांना पदर लावला, आणि लगेच नेहमीचा आवाज काढला. "चल आता. आजच्या भाकरी माझ्याकडं."