कौतिकाची आत्या

आमच्या जाऊबाईंइतकं मन लावून खोटं बोलणारं माणूस सगळ्या भोकरदन तालुक्यात सापडायचं नाही, आणि हे मी अभिमानानं सांगते आहे. जावाजावांत असा अभिमान सहसा आढळत नाही. आमच्यातही तो पहिली पंधरा वर्षं नव्हता. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली. लग्नपत्रिकेत माझ्या नावापुढे ते कंसात छापलं होतं, आणि या घरात साहित्याची काय ती बाजू आता आपणच सांभाळायची, असं ठरवूनच मी हसनाबादेत पाऊल ठेवलं होतं. जाऊबाई शिकल्या नववीपर्यंत. गणितात राहिल्या आणि त्याच उन्हाळ्यात माहेरच्यांनी त्यांना जाफराबादेहून इथं देऊन टाकलं. तर कादंबरी लिहिली ती त्यांनी. मी अजून कंसातच आहे.

कादंबरी कसली, तर नववी-दहावीच्या पोरापोरींनी पोट धरून हसावं अशी. त्याला कारण माझी मुलगी. ती मोबाइलमध्ये बघून एकटीच खुदखुदायची आणि काय झालं विचारलं की 'तुम्हाला नाही कळायचं' म्हणायची. जाऊबाईंना ते फार लागलं. "हिला म्या हसवून दाखवते," म्हणाल्या, आणि शाळेच्या जुन्या वह्यांमधली कोरी पानं काढून, दाभणानं शिवून त्यांनी एक जाडजूड वही तयार केली. लिहायची जागा ठरली कापसाच्या ढिगावर. वेचलेला कापूस विकला जाईपर्यंत आमच्या पुढच्या खोलीत छताला टेकलेला असतो. दुपारची जेवणं आटोपली की जाऊबाई त्यावर चढून बसायच्या आणि लिहिता लिहिता हळूहळू आत जायच्या. तासाभरानं वही आणि बांगड्या एवढंच दिसायचं. एकदा व्यापारी कापूस बघायला आला. त्यानं मूठभर कापूस ओढला आणि आतून कुणीतरी खदाखदा हसलं. बिचारा चपला न घालताच अंगणात गेला. मोठे भाऊजी, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, दिवसाला दहा-बारा शब्दांवर भागवणारा माणूस. त्यांनी त्याला पाणी दिलं आणि म्हणाले, "मालकीण हाय. लिहून राह्यली."

पात्राचं नाव कागदावर कसं दिसतं याच्याशी जाऊबाईंना देणंघेणं नव्हतं. नाव हाक मारून बघायचं. त्यासाठी त्या गच्चीवर जाऊन उभ्या राहत. "ए निर्मलाऽ" म्हटल्यावर गल्लीतून तीन निर्मला बाहेर आल्या, एकीच्या हातात लाटणं होतं. "ए सोनेऽ" म्हटल्यावर शेजारची शेळी आली. असे आठ दिवस गेले. घरी सगळं ठीक आहे ना, असं बायका मला आडून आडून विचारायला लागल्या. शेवटी 'कौतिका' या हाकेला कुणीच ओ दिली नाही, तेव्हा जाऊबाई खाली उतरल्या आणि समाधानानं म्हणाल्या, "ही रिकामी हाय. ही आपली."

पण खरं काम चालायचं ते काळीपिवळी जीपमध्ये. हसनाबादहून भोकरदनला जाणाऱ्या या जीपमध्ये नऊ जणांच्या जागेत सोळा जण बसतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला उठून जाता येत नाही. जाऊबाई दर आठवड्याला बाजारासाठी जात आणि कादंबरीतला प्रत्येक नवा प्रसंग तिथं खरी बातमी म्हणून सांगत. कौतिका ही जाफराबादची त्यांची सख्खी भाची, भावाची मुलगी, यंदा नववीला, आणि तिनं परवा काय केलं ठाऊक आहे का, अशी सुरुवात. चेहरा पूजेला बसल्यासारखा. "इनोद हाय म्हणून सांगितलं की माणूस इज्जतीखातर हसतं," त्या मला समजावत. "बातमी म्हणून सांगितलं की पोटातून हसतं." मी त्यांना म्हटलं, याला साहित्य म्हणत नाहीत, याला अफवा म्हणतात. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी कणीक मळायला निघून गेले.

एकदा त्यांनी सांगितलं की कौतिकानं विज्ञान प्रदर्शनात गोबरगॅसचं यंत्र मांडलं आणि ते पाहुण्यांसमोर फुटलं. आठ दिवसांनी भोकरदनच्या बाजारात एक बांगडीवाली त्यांच्याच हातात बांगड्या भरता भरता त्यांनाच ती हकीकत सांगायला लागली. तिच्या सांगण्यात शेण थेट पाहुण्यांच्या हारावर बसलं होतं, आणि पाहुण्यांनी हार न काढता अर्धा तास स्वच्छतेवर भाषण केलं होतं. जाऊबाई अर्ध्याच बांगड्या भरून घरी आल्या आणि ढिगावर चढल्या. "माझ्यापेक्षा बराबर सांगितलं तिनं," म्हणाल्या, आणि सगळं प्रकरण नव्यानं लिहिलं. त्यांचा नियमच होता. जीपमध्ये सोडलेला प्रसंग आठ दिवसांत कुणाच्या तरी तोंडून परत आला तर तो कादंबरीत राहायचा, नाही आला तर पान फाडायचं. मोठ्या आशेनं मीही एक विनोद दिला होता, अलंकारिक होता. दोन आठवड्यांनी विचारलं, तर मान हलवून म्हणाल्या, "न्हाई गं. कुनीच वापस आणला न्हाई."

या सगळ्यांत पक्क्या ऐकणाऱ्या म्हणजे सरूआजी. बीपीच्या गोळ्या आणायला आपण दर आठवड्याला भोकरदनला जातो, असं त्या सांगत. गोळ्या महिन्याभराच्या मिळतात, हे मला पुष्कळ नंतर कळलं. कौतिकावर त्यांचा इतका जीव की तिच्या परीक्षेसाठी त्या मारुतीला नारळ बोलल्या. आणि इथंच जाऊबाई अडकल्या. कादंबरीत कौतिकाची दहावीची परीक्षा आली आणि वही थांबली. मी म्हटलं, "तुम्ही एवढं शेण उडवलंत, परीक्षा काय अवघड आहे?"

"शेण म्या उडताना पाह्यलंय," त्या म्हणाल्या. "पेपर कुठं पाह्यला?"

माझ्या मुलीला समोर बसवून त्यांनी पेपरची घंटा, पुरवणी, बाकावरचे नंबर, सगळं विचारून घेतलं. एक ओळ हलली नाही. मग एके दिवशी जेवताना त्यांनी जाहीर केलं की आपण सतरा नंबरचा फॉर्म भरणार, बाहेरून दहावीला बसणार. भाऊजींनी घास थांबवला. "पुस्तकासाठी ना?" "पुस्तकासाठीच." "मंग ठीक," असं म्हणून त्यांनी पुढचा घास घेतला. पुस्तकासाठीच, हे जाऊबाईंनी त्या वर्षात इतक्या वेळा सांगितलं की मला संशय यायला लागला. कुणीही न विचारता सांगत होत्या.

पहिल्या पेपराला मी सोबत गेले होते. केंद्रावरच्या शिपायानं अडवलं, पालकांनी गेटाबाहेर थांबायचं. जाऊबाईंनी हॉल तिकीट दाखवलं. तो म्हणाला, "हे पोरीजवळ द्या. पोरगी कुठाय?" शेहेचाळीस वर्षांच्या जाऊबाईंनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "हीच की." मराठीच्या पेपरात निबंधाच्या जागी त्यांना कौतिकाचं एक प्रकरण सुचलं आणि त्यांनी ते तिथंच लिहून टाकलं. घंटा झाली आणि सगळ्या कादंबरीतलं उत्तम प्रकरण बोर्डात जमा झालं. वहीत एक शब्द नाही. घरी येऊन पुन्हा लिहायला बसल्या, पण जमेना. कुणीतरी दूर शहरात बसून ते वाचणार आणि गुण देऊन गठ्ठ्यात बांधणार, या विचारानं त्या दोन दिवस जेवल्या नाहीत.

निकाल आम्ही माझ्या मुलीच्या मोबाइलवर पाहिला. मराठीचे गुण बघून मुलगी ओरडलीच, तिला स्वतःला इतके पडले नव्हते. जाऊबाईंच्या चेहऱ्यावर असं हसू आलं! "वापस आलं बघ," म्हणाल्या. मग बोट खाली सरकलं. बाकी सगळे विषय निघाले होते. गणित राहिलं होतं. तोच विषय. त्या उठून म्हशीला पाणी दाखवायला गेल्या. मला फार वाईट वाटलं. संध्याकाळी मी म्हटलं, "कादंबरी आपली आहे जाऊबाई. कौतिकाला करा पास." त्या नुसत्या "हूं" म्हणाल्या.

त्या आठवड्याला मीही जीपमध्ये बसले. सरूआजी आधीच येऊन बसल्या होत्या, मांडीवर पिशवी, पिशवीत नारळ. जीप हलली तसं त्यांनी विचारलं, "काय गं, पास झाली का आपली कौतिका?" सोळाच्या सोळा माना वळल्या. ड्रायव्हरनं गाणं बंद केलं. दोन वर्षं या जीपमध्ये तोंडाला येईल ते रेटून सांगणाऱ्या जाऊबाईंना एवढं एक खोटं बोलणं काहीच जड नव्हतं. मला वाटलं, आता म्हणतील, पहिली आली.

"गणितात राह्यली," जाऊबाई म्हणाल्या.

सरूआजींनी नारळ पिशवीत नीट खाली सरकवला. मग पुढं वाकून त्यांनी जाऊबाईंच्या गुडघ्यावर हात ठेवला. "राहू दे. फिरून बसंल. नारळ कुठं पळून चाललाय? पण तुझ्या भावजयीला जल्दी निरोप धाड. एका इषयापायी पोरीचं लगीन लावू नका म्हणावं."

जाऊबाईंनी पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरला होता. "सांगते," एवढंच म्हणाल्या, आणि भोकरदन येईपर्यंत बाहेर बघत राहिल्या.

कापूस केव्हाच विकला गेला होता. घरी आल्यावर त्या पुढच्या रिकाम्या खोलीत फरशीवर बसल्या आणि शेवटचं प्रकरण एका बैठकीत लिहिलं. कौतिका गणितात नापास होते आणि जीपभर बायका तिच्या आईला समजावायला जाफराबादला जातात, असा शेवट आहे. मी चहा घेऊन गेले तेव्हा त्यांनी वही मिटली. "माझ्या मायच्या येळंला जीपमधी सरूआजी नव्हती बघ," म्हणाल्या, आणि चहा थोडा गोड झालाय म्हणाल्या.

माझ्या मुलीनं ती वही दोन दिवसांत वाचली. गोबरगॅसला ती इतकी हसली की शेजारचे डोकावून गेले. शेवटचं पान वाचून झाल्यावर मात्र तिनं स्वतःहून गणिताचं पुस्तक शोधून काढलं. आता रोज दुपारी ती शिकवते आणि जाऊबाई बोटं मोजत शिकतात. चिडतातही. त्यामुळे परवा बाजाराला मी एकटीच गेले. जीपमध्ये सरूआजींनी मलाच विचारलं, "पोरगी अभ्यास करती का गं?"

"करून राह्यली, आजी," मी म्हटलं. चेहरा जाऊबाईंसारखा सरळ ठेवायचा होता, तो काही मला साधला नाही.