बोर्डावरच्या आडव्या रेघा

"ह्या आकड्यात माझा आजा हाय का न्हाई, तेवढं सांगा," आबा म्हणाले.

आम्ही भोसरीच्या वर्कशॉपमध्ये टेस्ट बेंचसमोर उभे होतो. बेंचवर लाल एलईडीचा लांबलचक बोर्ड पेटलेला होता. वर पट्टी होती, 'मानवी इतिहासात युद्धात मेलेली माणसे'. खाली अब्जांमधला एक आकडा, पार एकं-दहंपर्यंत भरलेला. आमचे मालक पवार सर स्वतःच्या रुमालाने बोर्डाची काच पुसत होते, इतके ते खूश होते.

आबा आमचे क्लायंट. मूळचे महाळुंग्याचे. जमिनी कंपन्यांना गेल्या, त्या पैशावर त्यांनी ट्रान्सपोर्टचा धंदा उभा केला आणि आता उतारवयात तळेगावला ट्रस्टतर्फे एक युद्धसंग्रहालय बांधत होते. तलवारी, भाले, तोफगोळे आणि शेवटच्या दालनात नुसती एक काळी भिंत. त्या भिंतीवर आमचा बोर्ड लागणार होता.

मी इथे डिझाइन बघते. शिक्षण स्टॅटिस्टिक्सचं, आधीची नोकरी चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत, क्वालिटी डिपार्टमेंटला. आमची कंपनी शॉप फ्लोअरवर टांगायचे बोर्ड बनवते. आजचं टार्गेट किती, माल निघाला किती, रिजेक्शन किती. मेलेल्या माणसांचा बोर्ड आम्ही याआधी कधी केला नव्हता.

आबांचा आजा पहिल्या महायुद्धात सरकारी पलटणीबरोबर इराकातल्या बसऱ्याला गेला होता. शिपाई म्हणून नव्हे, खेचरं हाकायला. तिकडे तापाने गेला म्हणे. हे 'म्हणे' मी मुद्दाम लिहिते आहे, कारण ही बातमीही बरोबरच्या कुणीतरी परत येऊन सांगितलेली. सरकारकडून घरी काहीच आलं नाही.

"माझी आजी मरेस्तवर कुंकू लावत व्हती," आबा म्हणाले. "सरकारनं काय कळवलंच न्हाई, तर पुसायचं कशाच्या जोरावर?"

पवार सर घाईघाईने म्हणाले, "असणारच की आबा! सगळेच आहेत यात."

वेळेवर गप्प बसणं मला कधीच जमलेलं नाही. "बघून सांगते," मी म्हटलं.

आबांची गाडी गेटबाहेर पडताच सर माझ्याकडे वळले. "कांबळे मॅडम, उद्घाटन तोंडावर आलंय. कशाला विकतचं दुखणं घेताय?"

"सर, त्यांनी साधा प्रश्न विचारलाय. बोर्ड आपण बनवलाय, आणि उत्तर आपल्याला माहीत नाही."

आकडा संग्रहालयाच्या सल्लागारांनी पाठवला होता. त्यांना फोन केला. "अहो, तो आकडा सगळीकडे आहे," ते म्हणाले. 'सगळीकडे आहे' हे ऐकलं की माझ्या कपाळावर आठी येते. चार सप्लायर एकच माप सांगतात तेव्हा पुष्कळदा मोजलेलं एकानेच असतं, बाकीच्यांनी त्याचा कागद उतरवलेला असतो.

मी आकड्याचा माग काढत मागे मागे गेले. पुस्तकात मासिकाचा हवाला, मासिकात आणखी कुणाचा तरी. शेवटी एका जुन्या लेखापाशी पोचले. तिथे लेखकाने वाचकाला विचारात पाडण्यासाठी एक काल्पनिक गणित मांडलं होतं. काल्पनिक आहे हे त्याने लपवलंही नव्हतं. सगळा मामला 'समजा' असा होता. पुढच्या लोकांनी आकडा उचलला आणि 'समजा' तिथेच टाकून दिलं. मला हसू आलं आणि रागही आला.

"सर, आपण 'समजा' एलईडीत पेटवलंय," मी सांगितलं.

"मग खरा आकडा काढा आणि टाका. प्रोग्रॅमिंगला कितीसा वेळ लागतो?"

खरा आकडा! मी अभ्यासकांचे अंदाज वाचायला बसले. ते कसे काढतात, हे थोडक्यात सांगते. जुन्या लढायांचं वर्णन करणारे दरबारी लेखक शत्रूचे मेलेले वाढवून सांगतात आणि आपले कमी. म्हणून त्यांच्या आकड्यांना कात्री लावावी लागते. कुठे युद्धाआधीची लोकसंख्या आणि नंतरची लोकसंख्या यांची वजाबाकी करतात. अलीकडच्या युद्धांत काही घरं निवडून विचारतात, तुमच्याकडचं कोण गेलं, आणि त्यावरून सगळ्या मुलखाचा अंदाज बांधतात. शितावरून भाताची परीक्षा. फक्त इथे अर्धी अधिक शितं हरवलेली असतात. त्यामुळे सर्वांत खालचा अंदाज आणि सर्वांत वरचा अंदाज यांत कित्येक पटींचा फरक पडतो.

एवढा फरक का, हे मला चाकणमुळे लगेच कळलं. आमच्याकडे दाराच्या पॅनेलवर बारीक ओरखडा आला, तर पहिली शिफ्ट तो पीस रिजेक्ट म्हणून मोजायची आणि दुसरी शिफ्ट पॉलिश मारून पास करायची. महिनाअखेरीला आकडे जुळायचे नाहीत आणि दोन्ही सुपरवायझर एकमेकांच्या अंगावर जायचे. कुणीच खोटं बोलत नसायचं. रिजेक्ट कशाला म्हणायचं, हेच आधी ठरलेलं नसायचं. ते ठरवून लिहून ठेवायचं, याला आम्ही ऑपरेशनल डेफिनिशन म्हणतो.

इथेही तेच. गोळी लागून पडले तेवढेच धरायचे? छावणीत तापाने गेले ते? सैन्याने धान्य लुटलं म्हणून मागे गावात उपाशी मेले ते? आणि फौजेबरोबर चालणारे, पण न लढणारे? त्यांना आपल्याकडे बुणगे म्हणत. आज 'बाजारबुणगे' ही शिवी आहे, यावरून त्यांची मोजदाद किती आस्थेने झाली असेल ते समजावं.

मग माझं लक्ष आमच्याच पट्टीकडे गेलं. 'युद्धात मेलेली माणसे'. या 'युद्धात'मध्ये आबांचा आजा बसत नव्हता. तो लढला नव्हता, त्याला गोळी लागली नव्हती. 'युद्धामुळे' लिहिलं की तो आत येत होता. एका प्रत्ययाचा प्रश्न होता. मात्र तो आत आला की त्याच्यासारखे असंख्य आत येत होते, ज्यांची नोंद कुणी केलीच नव्हती, आणि आकडा पुसट होत होता.

मी आणि सर महाळुंग्याला आबांच्या ऑफिसात गेलो. बाहेर कंटेनर लागलेले, आत चहा. मी सगळं सांगितलं. समजा, कात्री, ओरखडा, प्रत्यय. 

"म्हंजी ताई, बारीक आकडा पाहिजे आसंल तर माझा आजा भाईर," ते म्हणाले. "आन् आजा पाहिजे आसंल तर आकडा जाडाभरडा."

"तसंच आहे, आबा."

"मग मला आजा पाहिजे."

सरांचा चेहरा पडला. "आबा, लोक आकडा बघायला येणार. जाडाभरडा कसा दाखवायचा?"

"जसा ड्रॉइंगमध्ये दाखवतो तसा," मी म्हटलं. "चाकणला टॉलरन्स नसलेलं, म्हणजे कमी-जास्त किती चालेल ते न लिहिलेलं माप कुणी घेतं का, सर? दोन ओळी करू. किमान आणि कमाल."

"बरं. पण सुरुवातीचे आकडे टाकले, पुढची घरं? शून्यं टाकू."

"शून्य म्हणजे मोजलं आणि शून्य भरलं. आपण मोजलेलंच नाही."

"मग बंद ठेवू."

"मग कोटींच्या जागी नुसते दहा-पंधरा दिसतील. लोक तेवढंच वाचतील. आडव्या रेघा टाकू."

सर खुर्चीतून अर्धे उठले. "रेघा? अहो, रेघा म्हणजे फॉल्ट! भोसरीपासून तळेगावपर्यंत प्रत्येक ऑपरेटरला माहीत आहे. आपल्या कंपनीची अब्रू जाईल."

"फॉल्ट म्हंजी कसला?" आबांनी विचारलं.

मी समजावलं. लाइनवर सेन्सर असतो. समोरून पार्ट गेला की तो बोर्डाला सिग्नल देतो आणि आकडा एकाने वाढतो. वायर तुटली, किंवा सेन्सर बसवलेलाच नसला, तर बोर्डाला काही कळत नाही. अशा वेळी त्याने खोटा आकडा दाखवू नये, म्हणून आम्ही तिथे आडवी रेघ येईल अशी सोय केलेली असते.

"पर पार्ट तर जातोच की म्होरनं."

"जातोच."

 आबांनी डोळ्यांवरून पंचा फिरवला. 

"मग तेच लावा," ते म्हणाले.

उद्घाटनाला निम्मा औद्योगिक पट्टा लोटला होता. काळ्या भिंतीवर 'युद्धामुळे मेलेली माणसे' आणि खाली दोन ओळी. डावीकडे थोडे आकडे, उजवीकडे रेघाच रेघा. आबा माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. "आता सांगा. हाय का?"

"आहे, आबा. रेघांमध्ये आहे."

त्यांनी मान हलवली आणि बोर्डाला हात जोडले.

तेवढ्यात कुठल्याशा कंपनीचे मेंटेनन्सचे साहेब लगबगीने पुढे आले. गळ्यात आयकार्ड तसंच होतं. "आबा, बोर्ड फॉल्टला गेलाय राव. सिग्नल येत नाहीये. यांना वायर चेक करायला सांगा."

"वायर बसऱ्यालाच तुटली, सायेब," आबा म्हणाले. "आता कुठनं जोडता?"

साहेबांना काही उमगलं नाही. पवार सरांनी त्यांना बाजूला घेऊन चहा पाजला.

धडा विचाराल तर एवढाच. कुणी आकडा सांगितला की आधी विचारा, मोजलं काय? आमच्या सर्व्हिस डिपार्टमेंटला अजूनही तळेगावहून अधूनमधून फोन येतो की, मॅडम, तुमचे आकडे गेलेत. फोन माझ्याकडे देतात आणि मी सांगते, हो, गेलेत. आणि कम्प्लेंट ओपनच ठेवते.